सिंधूसाठी रडणं सोपं आहे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी निम्मा वर्ग गैरहजर होता. धडा पुढे नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून ग्रंथालयातून राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आणलं आणि नववीच्या मुलांसमोर आर्यमदिरामंडळाचा प्रवेश उघडला. एकाला तळीराम केलं, एकाला शास्त्री, एकाला खुदाबक्ष. भाषा अवघड होती, शब्दाशब्दाला अडखळत होते. पण दहा मिनिटांत वर्ग पोट धरून हसत होता. दारुडे लोक मंडळ काढतात, त्याला ‘आर्य’ असं भारदस्त नाव देतात, सभासद जमवतात आणि भाषणं ठोकतात, हे त्यांना न सांगता कळलं. मोहल्ल्यातल्या कमिट्या त्यांनी पाहिल्या आहेत.

शेजारच्या वर्गावरचे ज्येष्ठ सहकारी दारात येऊन उभे राहिले. नंतर स्टाफरूममध्ये म्हणाले, “मॅडम, ती मराठीतली थोर शोकांतिका आहे. माणसं ते नाटक बघून रडत बाहेर पडायची. तुम्ही मुलांना हसायला शिकवताय.” दुसऱ्या एका सहकाऱ्यांनी चहाचा कप ठेवला आणि आमच्या बोलीत म्हणाले, “बाजी, शराब का ड्रामा अपने बच्चों को कायको? अपने में तो हराम है.”

दोघेही सज्जन आहेत. दोघांचा मला राग नाही. पण दोघांचं म्हणणं मला चूक वाटतं, आणि दोघांची चूक एकच आहे, असं मला त्या दिवसापासून वाटतंय. म्हणून हा लेख.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करते. ‘एकच प्याला’ ही शोकांतिका आहे, हे शाळेपासून आपल्या कानावर असतं. हुशार, मानी वकील सुधाकर. कोर्टात खटका उडतो, त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. अपमान विसरायला तळीराम त्याला एक प्याला देतो. एकाचे अनेक होतात. घर जातं, अब्रू जाते. पत्नी सिंधू लोकांचं दळण दळून दिवस काढते, पण नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही. शेवटी सुधाकरच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधू जिवघेणी जखमी होते, पोलिसांसमोर खोटं सांगून नवऱ्याला वाचवते आणि मरते. मग सुधाकर विष घेतो. पडदा.

यावर रडू येणार नाही तर काय? मलाही आलं होतं. पण रडून झाल्यावर आपण काय बोलतो ते आठवून पाहा. दारू वाईट. सिंधू देवी. संपलं. दारू बाटलीत असते आणि देवी देव्हाऱ्यात. आपण दोन्हीकडे नसतो. आपण प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षकाकडे फक्त रुमाल असतो.

उर्दूत शोकांतिकेला अलमिया म्हणतात आणि उपरोधाला तंज. मुलांना फरक समजावताना मी असं सांगते : अलमिया विचारतो, या माणसाचं असं का झालं? तंज विचारतो, हे होत असताना बाकीचे काय करत होते? ‘एकच प्याला’ला हा दुसरा प्रश्न विचारून पाहा. नाटक वेगळंच दिसायला लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ते नाटक तंज म्हणून वाचलं तर जास्त खरं आणि जास्त उपयोगाचं आहे. त्यातला उपहास दारुड्यांचा कमी आणि शुद्धीवर असलेल्यांचा जास्त आहे.

पुरावा नाटकातच आहे. आधी ते मंडळ घ्या. गडकऱ्यांचा काळ हा मंडळांचा, सभांचा आणि ठरावांचा काळ. सुधारकांची मंडळं, सनातन्यांची मंडळं, जातीजातींची मंडळं. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले होते. म्हणजे दारूबंदी हीसुद्धा तेव्हा चळवळ होती. अशा दिवसांत गडकरी दारुड्यांचंच मंडळ काढतात आणि त्यांच्या तोंडी सुधारकी वादविवादाची सगळी भाषा घालतात. तळीराम नुसता पिऊन बरळत नाही, तो युक्तिवाद करतो. कुठलीही वाईट गोष्ट चांगल्या शब्दांत कशी मांडता येते, याचं ते प्रात्यक्षिक आहे. त्या प्रवेशात आपण दारूला हसत नाही. आपण आपल्याच सभांना हसतो.

त्या मंडळात शास्त्रीही आहे आणि खुदाबक्षही आहे. दुसऱ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगितलं. “सर, आपला माणूस तिथे आधीच बसलाय. गडकऱ्यांनी १०० वर्षांपूर्वी बसवलाय.” दोन धर्मांची माणसं कुठेच एकत्र येत नाहीत, पण बाटलीभोवती येतात, हा विनोद कुणावर आहे? मुसलमानांवर नाही, हिंदूंवरही नाही. दिवसा धर्माच्या नावाने एकमेकांपासून लांब बसणाऱ्या सगळ्यांवर आहे. खुदाबक्षचं नाव वाचून आपण दुखावलो तर विनोद कळला नाही. ‘आपल्यात हराम आहे’ म्हणून पुस्तक मिटलं तरी कळला नाही.

मग तळीरामाच्या आजारपणातला डॉक्टर आणि वैद्यांचा गोंधळ पाहा. रोगी खाटेवर, आणि विद्या जाणणारे आपापल्या शास्त्राची बढाई मारण्यात गुंतलेले. मग ती प्रतिष्ठित मंडळी पाहा, ज्यांच्याकडे सुधाकर दारू सोडल्यावर काम मागायला जातो आणि जी त्याला दार दाखवतात. त्या माणसांनी थेंबसुद्धा घेतलेला नाही. पण त्याला परत प्याल्याकडे कोण ढकलतं, हे गडकरी आपल्याला सरळ दाखवतात. तळीराम तरी प्याला मैत्रीने देतो. हे सभ्य लोक तो तुच्छतेने देतात.

आणि रामलाल. नाटकातला सर्वांत सज्जन माणूस, सर्वांत लांब बोलणारा. दारूच्या दुष्परिणामांवर तोच बोलतो, उपदेश तोच करतो. आणि ज्या शरदला त्याने लेकीसारखं मानलं, त्या बालविधवेविषयी त्याच्याच मनात वासना उठते. तो स्वतःला सावरतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण उपदेश करणाऱ्याच्या घरातही एक प्याला भरून ठेवलेला असतो, हे नाटककाराने मुद्दाम दाखवलं आहे. निव्वळ दारूबंदीचं रडगाणं लिहायचं असतं तर या प्रसंगाची गरज काय होती?

आता गीता. तळीरामाची बायको. नवऱ्याविषयी, त्याच्या दारूविषयी ती जे वाटतं ते फाडकन बोलते. तिचं बोलणं ऐकून लोक हसतात. सिंधू गप्प बसते, लोक रडतात. पन्नाशीच्या वरच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, सिंधू आठवते. गीता आठवायला वेळ लागतो. खरं बोलणारी बाई विनोदी आणि सोसणारी बाई थोर, ही वाटणी कुणी केली? थोडी नाटककाराने केली असेल. बाकीची आपण केली. दोघींना शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर मात्र गीता हीच सिंधूवरची टीका होऊन उभी राहते. जो आदर्श पाळता पाळता पाळण्यातलं मूलही जातं, तो आदर्श कसला, हा प्रश्न नाटकातच पडलेला आहे. उचलायला आपण वाकत नाही.

इथे जाणकार म्हणतील, बाई, गडकऱ्यांनी हे शोकांतिका म्हणूनच लिहिलं. मान्य. शेवटच्या प्रवेशात हसायला काही नाही, तिथे हसणारा माणूस दगडाचा असेल. पण हेच गडकरी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहीत होते आणि ठकीच्या लग्नाच्या खटपटीतून अख्ख्या लग्नबाजाराची टर उडवत होते, हे विसरून कसं चालेल? त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे, रूढींची चेष्टा करण्यात मुरलेले. अशा शाळेत शिकलेल्या माणसाने हातातली लेखणी अचानक बदलली असेल, असं मला वाटत नाही.

शिवाय आपल्या आठवणीतली शोकांतिका एकट्या गडकऱ्यांची नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारीला, बडोद्याला. आपल्या नाटकावर लोक कुठे हसतात आणि कुठे रडतात, हे त्यांना पाहायलाच मिळालं नाही. पदंही त्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची. ती गायली बालगंधर्वांनी, सिंधू होऊन. त्या गळ्याने महाराष्ट्राला असं रडवलं की बाकीचं नाटक पार्श्वभूमी झालं. बालगंधर्वांचा मोठेपणा कमी करायची माझी हिंमत नाही. पण आवाज मोठा असला की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, हेही खरं.

नाटककार एक म्हणतो आणि रंगभूमी दुसरं करते, हे जगात इतरत्रही झालं आहे. चेखव्हने ‘चेरी ऑर्चर्ड’ला विनोदी नाटक म्हटलं, स्तानिस्लाव्हस्कीने १९०४ साली ते मॉस्कोत शोकनाट्य म्हणून उभं केलं आणि चेखव्ह कुरकुरत राहिला. त्यांचा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्यामुळे कुणाचा अपमानही झालेला नाही. आपल्या उर्दूत डेप्युटी नजीर अहमदांची ‘तौबतुन्नसूह’ घ्या. नसूहची तौबा आणि नसीहत शिकवायला लिहिलेली कादंबरी. पण वाचकांच्या लक्षात कोण राहिलं? मिर्झा जाहिरदार बेग, फुकटची ऐट मिरवणारा. उपदेश लेखकाने लिहिला, खरेपणा तंजमध्ये सापडला.

आणखी एक गोष्ट. ३१ डिसेंबरनंतरचं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा दिसेल. नाटकातला माणूस भाषेतला शब्द झाला. म्हणजे मराठी समाजाने या नाटकातून दोन वस्तू घरी नेल्या. चेष्टेसाठी तळीराम, पूजेसाठी सिंधू. दोन्ही सोयीच्या. दार दाखवणारे प्रतिष्ठित लोक, भाषण करून निघून जाणारे, ऐकून न ऐकल्यासारखं करणारे, यांच्यासाठी मात्र भाषेत एकही नाव आलं नाही. जो समाज नाटकाचा खरा आरोपी होता, तो निर्दोष सुटला.

तुम्ही म्हणाल, जुन्या नाटकावरून एवढं भांडण कशाला? तर आता आमच्या मोहल्ल्यात या.

आमच्याकडे एक खाला होत्या. नात्यातल्या नव्हेत, अख्ख्या गल्लीच्या खाला. साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. पलीकडच्या वाड्यांतल्या मराठी बायका साड्या टाकायला यायच्या, मी मधे बसून दोन्हीकडचं बोलणं समजावून द्यायचे. माझं मराठी थोडं तिथेच पक्कं झालं. खालांचे यजमान प्यायचे. आमच्या मोहल्ल्यात कुणी दारू पीत नाही, असं सगळेच सांगायचे. आणि रात्री ते कुठून येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मे महिन्यातही खालांच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या.

एकदा आवाज फार झाला तेव्हा चार बुजुर्ग घरी गेले. मी समोरच्या ओट्यावर होते. चौघे चटईवर बसले. खालांनीच त्यांना चहा दिला. मग नसीहत झाली. कुणाला? खालांना. “सब्र करो बेटी. घर की बात घर में.” यजमान आत झोपले होते. झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही, असं एक जण म्हणाल्याचं मला अजून आठवतं.

पुढे दीडेक वर्षाने खालांच्या डोक्याला लागलं. दवाखान्यात त्यांनी स्वतःच सांगितलं, मोरीत पाय घसरला. तीन दिवसांनी गेल्या. मय्यतीला गल्ली भरली होती. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं : “बड़ी साबिर औरत थी.” मीही रडले. मी तेव्हा बीएड करत होते. बालमानसशास्त्र, मूल्यशिक्षण, सगळं पाठ होतं. त्या बाह्यांविषयी मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मरणाची शोकांतिका केली. नशीब, तकदीर, बाईची थोरवी. त्या चटईवरच्या चहाचं कुणी नाव काढलं नाही. शोकांतिकेत चहा पिणारे मोजत नाहीत. तंजमध्ये मोजतात, त्यांची नावं घेतात, त्यांनी साखर किती घेतली तेसुद्धा सांगतात. म्हणून मला तंज हवा आहे.

आपल्या लोकांना एक सांगते. सब्र ही मोठी गोष्ट आहे. आजारपणात, गरिबीत, मौतीत माणसाला सब्रच उभं ठेवतो. पण जुलूम सोसत राहा, याला सब्र म्हणणं हा दीनचा आधार घेऊन केलेला आळस आहे. जालिमाला मदत करायची तर त्याचा हात धरा, असं आपल्याला हदीसच शिकवते. त्या चौघांना ही हदीस पाठ असणार. हात धरायला उठावं लागलं असतं, आणि चहा गरम होता.

मराठी हिंदू वाचकांनाही तेच. तुमच्याकडे पातिव्रत्य, आमच्याकडे सब्र. शास्त्री आणि खुदाबक्ष इथेही एकाच मंडळात बसलेले आहेत.

काही जणांना भीती वाटेल की उपहास म्हणून वाचलं तर सिंधूच्या दुःखाची चेष्टा होईल. उलट आहे. चेष्टा आज होते आहे. तिच्या मरणावर सुंदर पदं ऐकून आपण तृप्त होऊन घरी जातो, यापेक्षा मोठी चेष्टा कुठली? ज्या महाराष्ट्रात बायका रांगेत उभ्या राहून आडव्या बाटलीला मतं देतात आणि गावातलं दुकान बंद पाडतात, ज्या देशात २००५ पासून घरातल्या मारहाणीविरुद्ध कायदा आहे, तिथे सिंधूचं गप्प राहणं मुलींना आदर्श म्हणून शिकवणं मला जमणार नाही. तिचं दुःख शिकवीन. तिचं खोटं बयान आदर्श म्हणून शिकवणार नाही.

मुलं तळीरामालाच हिरो मानतील, ही भीतीही मला सांगण्यात आली. ती खोटी नाही. त्या दुपारी तळीराम झालेला मुलगा आठवडाभर तसाच चालत होता. म्हणूनच नुसता मंडळाचा प्रवेश वाचून थांबू नये. पुढच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचा प्रवेशही वाचून दाखवला. जी मुलं हसली होती तीच गप्प झाली. आधी हसली होती म्हणून जास्त गप्प झाली, असं माझं मत आहे. आपण ज्याला हसलो त्याचा शेवट कुठे होतो, हे त्यांनी पाहिलं.

मग एका मुलीने हात वर केला. “टीचर, सिंधू पुलिस को झूठ क्यों बोली? सच बोलती तो क्या होता?”

मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना गृहपाठ दिला : तुम्ही फौजदार आहात असं समजा आणि मराठीत पंचनामा लिहा. या दोन मरणांना जबाबदार कोण कोण? बहुतेकांनी सुधाकर लिहिलं. पुष्कळांनी तळीराम लिहिलं. काहींनी दारू. प्रश्न विचारणाऱ्या मुलीची यादी लांब होती. काम नाकारणारे मोठे लोक, मंडळाचे सभासद, नुसतं समजावणारा रामलाल. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. यादीत सर्वांत खाली तिने लिहिलं होतं : “शेजारी. त्यांना आवाज येत होता.”

ती वही मी स्टाफरूममध्ये दोन्ही सहकाऱ्यांसमोर ठेवली. वाद अजून मिटलेला नाही. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, तुम्ही नाटकावर तुमचा मोहल्ला लादता. असेल. पण मला वाटतं, नाटक आधीपासूनच मोहल्ल्यात होतं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर भांडा. फक्त भांडण्याआधी ‘एकच प्याला’ पुन्हा एकदा काढा, पदं न ऐकता वाचा, आणि सिंधू सोडून बाकीच्यांकडे नीट बघा.